बरणीला हात लावायचा नाही

बंडूकाकांच्या यूट्यूब चॅनेलचं नाव होतं ‘फडताळातलं विज्ञान’, आणि फडताळाबाहेर ते कोणाला ठाऊक नव्हतं.

भोरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून त्यांनी दोन वर्षं मुलांसाठी प्रयोग केले. बाटलीतलं कारंजं, फुग्यावर पळणारी गाडी, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारी क्रेन. महिनाअखेरीस डबा हलका होई आणि मोबाईल मागे घसरे. एरवीही तो फार सरळ उभा राहत नसे. त्यामुळे व्हिडिओत कायम दोन हात, शर्टाची तीन बटणं आणि त्यामागचं पोट एवढंच दिसे. चेहरा कधीच नाही.

“बाबा, लोकांना चेहरा लागतो,” त्यांची मुलगी शुभ्रा पुण्याहून फोनवर सांगे. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती आणि व्हिडिओ कसे चढवायचे ते तिनेच शिकवलं होतं.

“मी प्रयोग दाखवतोय. लग्नाला उभा नाही.”

बंडूकाका बी.एस्सी. होते, विषय रसायनशास्त्र. नोकरी पाटबंधारे खात्यात. कालवेदुरुस्तीच्या फायली त्यांनी आयुष्यभर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेल्या. ही हालचाल सोडली तर त्या नोकरीत विज्ञान असं नव्हतं. मुलांसाठी इंग्रजीत ढिगानं व्हिडिओ आहेत, मराठीत कोण करणार, असा प्रश्न त्यांना एका रविवारी पडला. त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी तो वरिष्ठांकडे पाठवायला हवा होता. पण घरात वरिष्ठ म्हणजे मालिनीकाकू, आणि त्यांनी तो शेरा न मारता परत केला असता. म्हणून मग स्वतःच हातात घेतला.

मालिनीकाकू पतसंस्थेत अकाउंटंट होत्या. त्या सहाला घरी येत, आणि प्रयोग नेमका सहालाच रंगात येई. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओत एकदा तरी मागून आवाज येई, “अहो, गॅस बंद केलात का?”

“केला गं,” बंडूकाका म्हणत.

मग थोडी शांतता. मग दोन्ही हात दृश्यातून निघून जात. पावलं वाजत, खट्ट असा आवाज येई, पावलं परत येत आणि प्रयोग पुढे सुरू होई. तेवढं कापून टाका म्हणून शुभ्रानं पुष्कळ सांगितलं. पण कापायचं तर आणखी एक अ‍ॅप शिकावं लागणार होतं.

एवढं सगळं करून प्रत्येक व्हिडिओला बघणारे साधारण अकरा. त्यातले चार म्हणजे बंडूकाका स्वतः, वेगवेगळ्या मनःस्थितीत. कमेंट आजवर दोन आल्या होत्या. एक मेहुण्याची, ‘छान’. दुसरी बिनव्याजी कर्ज देणाऱ्या एका इसमाची. पण निदान त्यानं शेवटी ‘सर’ तरी लिहिलं होतं.

श्रावणात त्यांनी तुरटीच्या स्फटिकाचा व्हिडिओ केला आणि त्यानंतर ओट्यावर मोबाईल टेकवला नाही. कोणी विचारलं नाही. विचारणारं कोण, हाच तर मुद्दा होता.

मार्गशीर्षात मालिनीकाकूंनी मागच्या गॅलरीचा विषय काढला. तिथे प्लॅस्टिकच्या बाटल्या, सायकलची ट्यूब, बंद पडलेले बल्ब, चपलांचे तळवे, सीडींची चळत आणि पाय मोडलेला टेबलफॅन असा संसार दोन वर्षं सुखानं नांदत होता.

“रविवारी भंगारवाला येतोय. देऊन टाकू का सगळं?”

“दे,” बंडूकाका म्हणाले.

दोन वर्षं काकू हेच उत्तर ऐकायला थांबल्या होत्या. ते मिळाल्यावर त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांनी आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग आल्याचा चहा केला.

गुरुवारी शुभ्राचा फोन आला.

“बाबा, कमेंट आलीये.”

“कर्जवाला?”

“नाही. ऐका, वाचते. ‘बंडूकाका, उघडायची का? मुलं रोज विचारतात. धनाजी, शिक्षक, मुक्काम उत्रोली.’ खाली नंबर दिलाय.”

“काय उघडायची?”

“ते तुम्हालाच माहीत. तुरटीच्या व्हिडिओखाली आहे.”

बंडूकाकांनी चष्मा लावला आणि स्वतःचाच व्हिडिओ पाचव्यांदा पाहिला. ह्या मनःस्थितीत प्रथमच. व्हिडिओतले हात गरम पाण्यात तुरटी विरघळवत होते, ती विरघळेनाशी होईपर्यंत. पाणी निवल्यावर त्यांनी ते लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत ओतलं. तुरटीचा ज्वारीच्या दाण्याएवढा खडा दोऱ्याला बांधून आत सोडला, दोरा काडीला गुंडाळला, वर फडकं बांधलं. खरं म्हणजे असल्या प्रयोगाला काचेची बरणी लागते, आत काय चाललंय ते बघता येतं. पण काचेच्या बरण्या आधीच्या प्रयोगांमध्ये कामी आल्या होत्या, आणि काकूंनी उरलेल्या काचसामानाला संरक्षण दिलं होतं.

“आता,” व्हिडिओतलं पोट म्हणालं, “बरणीला हात लावायचा नाही. हलवायची नाही, डोकावायचं नाही. मी सांगीन तेव्हाच उघडायची. पुढचा भाग उद्या.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “अहो, ती माझी लोणच्याची बरणी आहे ना?” आणि व्हिडिओ संपला.

उद्या आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी बरणीत लिंबाचं लोणचं पडलं. ओतून दिलेल्या पाण्यातून रव्यासारखी कणी निघाली, ती बंडूकाकांनी बोटानं चाचपून मोरीत सोडली. तुरटीचा मोठा स्फटिक त्यांना आयुष्यात कधीच जमला नव्हता. कॉलेजातही नाही. पुस्तकात मात्र त्याचं चित्र सुरेख होतं.

धनाजी गुरुजींचा फोन लागायला संध्याकाळ झाली.

“सर, आमची शाळा हिर्डोशीच्या वर, धनगरवाड्यात. वर रेंज नसते. खाली रस्त्याला आलो की फोन जिवंत होतो. तुमचे व्हिडिओ मी उत्रोलीला घरी उतरवून घेतो, पेन ड्राइव्हवर टाकतो आणि शाळेतल्या टीव्हीवर लावतो. मी डी.एड.वाला, सर. बारावी आर्ट्स. विज्ञान शिकवायचं म्हटलं की पूर्वी माझं पोट दुखायचं. तुम्ही आलात आणि थांबलं.”

कोणाच्या पोटदुखीवर आपला उपयोग झाल्याचं बंडूकाका प्रथमच ऐकत होते.

“आणि ती बरणी?” त्यांनी विचारलं.

“आहे की. कोनाड्यात. तुम्ही म्हणालात, मी सांगीन तेव्हाच.”

“गुरुजी, श्रावणात म्हणालो होतो.”

“हो ना. मी म्हटलं सरांचा काहीतरी विचार असेल. पण आता पोरं माझं डोकं खातात. नुसतं ‘उघडा’ एवढं रेकॉर्ड करून पाठवलंत तरी चालेल. तुमचा आवाज पाहिजे मात्र. माझ्यावर भरवसा नाही त्यांचा.”

बंडूकाकांनी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला. घसा साफ केला. “मुलांनो,” ते म्हणाले आणि थांबले. बरणीत काय निघणार हे त्यांना माहीत होतं. त्या पाण्यात श्रावणाची ओल, दिवाळीची धूळ, झुरळ, बुरशी, आणि फार झालं तर रवा. पोरं एवढे दिवस थांबली आणि बंडूकाकांच्या आवाजात ‘उघडा’ म्हटल्यावर आतून चिखल निघाला, तर ती बंडूकाकांना काय म्हणतील हा प्रश्न नव्हता. ती विज्ञानाला काय म्हणतील हा प्रश्न होता. अकरा बघणाऱ्यांत नापास होणं सोसलं होतं. हे सोसवलं नसतं.

“मी जाऊन येतो शनिवारी,” ते काकूंना म्हणाले. “समोर उभं राहून सांगतो, की चुकलं, पुढचा भाग नव्हताच. मग रविवारी ने म्हणावं भंगारवाल्याला सगळं.”

“मी येते.”

“तू कशाला?”

“बरणी मी काढून घेतली होती,” काकू म्हणाल्या. “आणि घाटाच्या रस्त्याला तुम्ही गाडी तिसऱ्या गिअरमध्येच चालवता.”

शनिवारी सकाळची शाळा. हिर्डोशीला रस्त्याकडेला धनाजी गुरुजी मोटरसायकलला टेकून उभेच होते. तिथून पुढे पायवाट. भात काढून झालेली खाचरं मागे पडली, नाचणीच्या उतरणी आल्या, मग कारवी आणि दगड. गुरुजी पुढे चालता चालता बोलत होते.

“केंद्राच्या बैठकीत मी सगळ्या शिक्षकांना वाटले तुमचे व्हिडिओ. तिथून ते वेल्ह्याकडे गेले. तिकडच्या एक बाई सांगत होत्या, त्यांच्या शाळेत सिरिंजची क्रेन शेणाची टोपली उचलते.”

“पण गुरुजी, यूट्यूबवर तर अकराच जण...”

“तो आकडा यूट्यूबचा, सर. पेन ड्राइव्हला कुठं आकडा असतो?”

बंडूकाका एका दगडावर बसले. काकूंना वाटलं दम लागला. तसंही असेल.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत पोरं रांगेत बसलेली. मागे काही घरची माणसंही आलेली. शेळ्या हाकायची काठी उराशी धरून म्हातारे हैबती उभे होते आणि त्यांच्या शेजारी डोईवर पदर घेतलेल्या त्यांच्या कारभारणी सोजराबाई. सगळ्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. हे कोण, असं त्या पाहण्यात स्पष्ट होतं. दोन हात आणि पोट यावरून माणूस ओळखणं कठीणच, त्यातून आज वर स्वेटर होता.

गुरुजी ओळख करून देणार एवढ्यात मालिनीकाकू दबक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, चपला तिथं वाटेत नका काढू.”

पडवी एकदम उठली.

“काकू! गॅसवाल्या काकू!”

“काकू आल्या! आन् मागं त्ये काका हायेत!”

पोरांनी काकूंना घेरलं. एकीनं त्यांचा हात धरला, एकानं पर्स. चौथीतली रत्ना, हैबतींची नात, दोन वेण्या आणि समोरचा एक दात पडलेला, ती काकूंच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. टीव्हीत कधीच न दिसलेलं माणूस टीव्हीतल्यापेक्षा मोठं असतं. बंडूकाका चपला वाटेतून उचलून भिंतीकडेला ठेवत होते.

“काकू, आमी समदं तुमच्यावानी करतो,” रत्ना म्हणाली. “दावू?”

गुरुजी थोडे अवघडले. पण तोवर प्रयोग सुरू झाला होता. एका पोरानं ग्लासात पाणी भरलं, वर पुठ्ठा धरला, ग्लास उलटा करायच्या बेतात आला आणि थांबला. रत्नानं मागून हाळी दिली, “अहो, गॅस बंद केलात का?”

“केला गं!” पोरगा म्हणाला.

मग शांतता. मग त्यानं ग्लास खाली ठेवला, पडवीबाहेर गेला, तोंडानं ‘खट्ट’ असा आवाज केला, परत आला, आणि ग्लास उलटा केला. पाणी सांडलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मालिनीकाकू हळूच म्हणाल्या, “गुरुजी, इथे गॅस आहे?”

“नाही. चूल आहे.”

“मग?”

“सगळ्याच व्हिडिओत आहे ना ते. मीही आधी सुरक्षेचा नियम समजलो. एकदा न विचारता प्रयोग केला, तर फसला. तेव्हापासून वगळत नाही. वहीतसुद्धा असंच आहे, साहित्य, कृती, काकूंचा प्रश्न, निष्कर्ष.”

“मीच म्हनते काकूंचं,” रत्ना म्हणाली. “माझा आवाज मोठा हाय.”

बंडूकाकांनी बायकोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर एक तर हसू आलं असतं, नाही तर दुसरं काही.

मग कोनाड्याची वेळ आली. बरणी सोजराबाईंची होती, चिनी मातीची, तपकिरी गळ्याची. वर फडकं, फडक्यावर सुतळी. बाजूला वाळलेलं झेंडूचं फूल पडलं होतं.

“आजी, फूल कशाला वाहता?” गुरुजी म्हणाले. “कितीदा सांगितलं, हा देव नाही.”

“न्हाई कसा? यवढं दिस कुनी हात लावला न्हाई त्येला. पोरं सारवताना बी कोनाड्याला वळसा घालत्यात. आमच्या देवाला बी यवढा मान न्हाई.” सोजराबाई काकूंकडे वळल्या. “लोनच्याची हाय माजी. दिवाळीत मागाय आलते, तर ही नात आडवी. म्हनं काकांनी सांगितलं न्हाई. म्हनलं ऱ्हाऊ दे बाई. तुमी कशा वो देता त्यास्नी बरन्या?”

“देत नाही,” काकू खरं तेच म्हणाल्या. “परत घेते दुसऱ्या दिवशी.”

सोजराबाईंना ह्याचा अर्थ लागला नाही. बंडूकाकांना लागला. ते पुढे झाले आणि पोरांसमोर मांडी घालून बसले. रात्री मनात जुळवलेलं भाषण त्यांनी सुरू केलं.

“मुलांनो, एक सांगायचंय. प्रयोग कधी कधी फसतो. माझा फसला होता. तुमच्या बरणीत कदाचित काहीच नसेल. तसं झालं तर त्यात तुमची चूक नाही, माझी आहे. मी पुढचा भाग...”

“काका,” रत्ना म्हणाली, “उघडा म्हना की.”

ते बोलायचे थांबले. पुढचं भाषण काही उपयोगाचं नव्हतं.

“उघडा,” ते म्हणाले.

“गॅस!” मागून दोन-तीन पोरं ओरडली. रत्नानं काकूंकडे पाहिलं. आज खऱ्या काकू हजर असताना हे काम आपलं नाही, एवढी समज तिला होती.

मालिनीकाकूंनी पदर सावरला. पतसंस्थेच्या वार्षिक सभेतही त्या एवढ्या सावरून उभ्या राहिल्या नव्हत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “गॅस बंद केलात का?”

“केला गं,” बंडूकाका म्हणाले. मग उठले, पडवीबाहेर गेले, खट्ट म्हणाले, आणि परत आले.

रत्नानं सुतळी सोडली, फडकं काढलं. पाणी आटून बरंच खाली गेलं होतं. बंडूकाकांनी काडी धरली आणि दोरा हळूहळू वर ओढला. तो जड लागला. एवढा जड लागेल हे त्यांच्या हाताला अपेक्षित नव्हतं.

दोऱ्याच्या टोकाला आवळ्याएवढा स्फटिक लोंबत होता. सपाट पैलू, सरळ कडा, वर टोक आणि खाली टोक. पडवीत उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात तो आला आणि आतपर्यंत दिसला. चित्रातल्यापेक्षा सुरेख.

बाहेर एक शेळी ओरडली तेवढीच.

“ह्याला कुनी कापलं?” रत्नानं विचारलं.

“कुणी नाही,” बंडूकाका म्हणाले. “पाणी थोडं थोडं उडून जातं. मग तुरटीचे बारीक बारीक कण, डोळ्यांना न दिसणारे, ह्या दाण्यावर येऊन बसतात. घाई झाली की कुठेही बसतात, गर्दी करतात, मग रवा होतो. कोणी हलवलं नाही, डोकावलं नाही, तर एकेक जण आपली जागा बघून बसतो. म्हणून कडा सरळ.” ते थांबले. “हा मला कधीच जमला नाही. मी दुसऱ्याच दिवशी उघडायचो. तुम्ही थांबलात म्हणून हा झाला.”

“तुमीच म्हनलेलात हात लावायचा न्हाई.”

“म्हणालो होतो. पण मी स्वतः कधी ऐकलं नव्हतं.”

हैबतींनी काठी भिंतीला लावली, वाकून स्फटिक निरखला आणि गंभीरपणे विचारलं, “पावनं, आता ही दाढीला लावायची व्हय?”

पडवी हसली. सगळ्यात जास्त हसले ते बंडूकाका. हसताना डोळे पुसले तर चालतात, ती सोय त्यांनी पुरेपूर वापरली.

पुढे एक वाद झाला. सोजराबाईंना बरणी परत मिळावी असं गुरुजींचं म्हणणं. स्फटिक परत आत सोडला तर नारळाएवढा होईल का, असं रत्नाचं. एवढा नाही, पण तुरटीचं पाणी घालत राहिलं तर वाढेल, असं बंडूकाका म्हणाले. त्यावर सोजराबाईंनी पदराखालून हात बाहेर काढला आणि निकाल दिला. “ऱ्हाऊ द्या कोनाड्यात. लोनचं काय, डब्यात बी ऱ्हातंय.”

निघताना पोरं पायवाटेच्या वळणापर्यंत आली. “काका, पुढचा भाग कधी?” असं कोणीतरी वरून ओरडलं. बंडूकाका ‘उद्या’ म्हणणार होते. त्यांनी तो शब्द गिळला आणि नुसता हात हलवला.

उतरताना गुरुजी पुढे होते. खाली रस्ता दिसायला लागल्यावर बंडूकाका म्हणाले, “गुरुजी, तुमचे आभार कसे मानायचे तेच कळत नाही मला.”

“माझे?” गुरुजी मागे वळले. “सर, मीच तुमचे मानायचे म्हणून परवापासून दोन वाक्यं पाठ करत होतो. तुम्ही घाई केलीत. आता माझी वाया गेली.”

रविवारी भंगारवाला आला. त्यानं खालूनच हाळी दिली. मालिनीकाकू पिशवी घेऊन खाली उतरल्या. बंडूकाका गॅलरीतून बघत होते. एकदा त्यांनी टेबलफॅनला हात लावला, निरोपाचा म्हणून. काकूंनी भंगारवाल्याला काही दिलं नाही. त्या हातगाडीभोवती फिरल्या, रद्दी बाजूला सारली, आत वाकल्या.

“त्या काचेच्या बरण्या बघू,” त्या म्हणाल्या. “नाही, ती नको, तिला चीर आहे. ती मागची.”

भंगारवाल्याच्या आयुष्यात उलट्या दिशेनं व्यवहार बहुधा पहिलाच होता. तो घासाघीस करायचंच विसरला.

संध्याकाळी ओट्यावर धुतलेल्या दोन बरण्या ठेवल्या गेल्या. बंडूकाकांनी साखरेचा डबा पुढे ओढला, त्याला मोबाईल टेकवला, हात चौकटीत आणले. “नमस्कार मुलांनो, मी बंडूकाका. हिर्डोशीच्या वरच्या शाळेनं जे करून दाखवलं, ते आज आपण शिकणार आहोत.” मग त्यांनी तुरटीची पूड हातात घेतली आणि थांबले. हात तसेच अधांतरी.

मालिनीकाकू आज घरीच होत्या. चहा कधीच झाला होता, शेगडी थंड होती, हे त्यांनी स्वतः मघाशी बघितलं होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, मोबाईलला नीट ऐकू जाईल एवढ्या अंतरावर उभ्या राहिल्या, आणि धनगरवाड्यापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, “अहो, गॅस बंद केलात का?”